नाक्यावरचें वाणसामानाचें दुकान

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गड, तहनामे आणि स्वाऱ्या उभ्या राहतात. भिवंडीच्या परिसरांत तर तसें होणें स्वाभाविकच आहे. अंजूर हें गांव येथून जवळच. तेथील गंगाजी नाईकांनीं साष्टी आणि वसई पोर्तुगिजांच्या हातून सोडविण्यासाठीं केलेली खटपट मराठ्यांच्या इतिहासांत नमूद आहे, आणि १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली ही गोष्ट शाळेंतील मुलासही ठाऊक असते. परंतु आज मी आपणांस अंजूरफाट्याजवळच्या नारपोलींत घेऊन जाणार आहे, आणि तेंही एखाद्या गढीकडे नव्हे, तर नाक्यावरच्या वाणसामानाच्या एका लहानशा दुकानाकडे. या दुकानाला इतिहास आहे काय, आणि असल्यास तो आपण कां जाणून घ्यावा, एवढाच आजचा विषय.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या दुकानाचा पत्ता कोणत्याही बखरींत नाहीं, त्या दुकानाच्या वहींत सबंध वस्तीचा पत्ता असतो. कोणाच्या घरीं पाहुणे आले, कोणाचें काम सुटलें, कोणाच्या मुलीचें लग्न ठरलें, कोणाचें आजारपण लांबलें, हें सारें साखर, चहा, तेल आणि साबूदाणा यांच्या आंकड्यांवरून वाचतां येतें. राजाच्या खजिन्याचा हिशेब इतिहासकार आवडीनें पाहतो. रयतेच्या चुलीचा हिशेब पाहावयाचा असेल, तर त्याला वाण्याच्या ओट्यावरच येऊन बसलें पाहिजे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. वाणी हा शब्द संस्कृतांतील वणिज् या शब्दापासून आला, आणि किराणा हा क्रयाणक, म्हणजे विकत घेण्याजोगा माल, या शब्दापासून. दोहोंतही खरेदी-विक्रीचीच कल्पना आहे, आणि आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेंत हीच गोष्ट वाण्याला इतरांपासून वेगळें करी. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांना त्यांच्या कामाबद्दल खळ्यावर धान्याचा वांटा मिळे. बारा बलुतेदारांच्या नेहमींच्या याद्या काढून पाहिल्या, तर त्यांत वाणी सांपडत नाहीं. पेठांच्या गांवीं शेटे आणि महाजन यांचीं वतनें असत. परंतु साध्या खेड्यांतील दुकानदाराचा राशींत हक्काचा वांटा नव्हता. तेव्हां गांवाशीं त्याला बांधून ठेवणारा धागा एकच उरला, आणि तो म्हणजे उधारी. पीक हातीं येईपर्यंत कुळानें मीठ, तेल, गूळ आणि तंबाखू न्यावी, आणि पीक आल्यावर धान्य किंवा रोकड देऊन खातें फेडावें, असा तो क्रम. जो गांवचा वतनदार नाहीं, त्यालाच गांवाची सर्वांत जास्त माहिती असावी, यांत नवल तें कसलें? ज्याला हक्क नाहीं, त्याला माणसें पारखूनच जगावें लागतें.

परंतु या उधारीला दोन तोंडें आहेत, आणि प्रामाणिक इतिहासानें दोन्ही दाखविलीं पाहिजेत. एक तोंड देहूचें. तुकाराम महाराज हे स्वतः वाण्याचा व्यवसाय करणाऱ्या महाजन घराण्यांतले. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळानें त्यांचा संसार आणि दुकान दोन्ही मोडलीं. पुढें लोकांकडून येणें असलेल्या कर्जाचीं खतें त्यांनीं भावाबरोबर वांटून घेतलीं आणि आपल्या वांट्याचीं इंद्रायणींत सोडलीं, असें परंपरा सांगते. दुसरें तोंड सुप्याचें. १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं गुजर सावकार-दुकानदारांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख माणसांच्या जिवावर नव्हता. खतें, रोखे आणि वह्या हिसकावून त्या जाळाव्या, हा होता. हें लोण पुणें आणि अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरलें, सरकारास चौकशी करावी लागली, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. एका ठिकाणीं धनकोनेंच वही पाण्यांत सोडली. दुसऱ्या ठिकाणीं ऋणकोनें ती आगींत टाकली. वही तीच. ती माणसाला आधार होते कीं फास होते, हें लिहिणाराच्या हातावर अवलंबून असतें.

आतां भिवंडीकडे वळूं. कामवारी नदीच्या खाडीवर वसलेली भिवंडी हें जुनें बंदर. भोंवतालीं भाताचीं शेतें. त्यामुळें तांदूळ घरचा, आणि दुकानाकडे जावयाचें तें शेतांत न पिकणाऱ्या जिनसांसाठीं. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षीं कल्याणास पोंचली. मालाची वाहतूक पाण्यावरून रुळांवर जाऊं लागली, तशी खाडीच्या बंदरांची पूर्वींची मातबरी ओसरली. भिवंडीला तारलें तें मागानें. उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें हातमाग बसविले. तेलुगु विणकरही आले. आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशापासून हातमागाच्या जागीं यंत्रमाग येऊं लागला. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर कापड विणण्याचें काम गिरण्यांतून निसटून अधिकाधिक भिवंडीसारख्या ठिकाणीं गेलें. नारपोलीसारखीं गांवें, जीं एके काळीं भातखाचरांच्या कडेला होतीं, तीं मागांच्या खडखडाटांत बुडून शहराचाच भाग झालीं.

या स्थित्यंतरानें दुकानदाराचें गिऱ्हाईक पार बदललें. पूर्वीं गिऱ्हाईक म्हणजे कुळ. त्याचें घर, शेत आणि आजोबा सारेंच ठाऊक. आतां गिऱ्हाईक म्हणजे उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणांतून आलेला एकटा कामगार. त्याच्याजवळ घर नाहीं, शेत नाहीं, ओळखीचा माणूस नाहीं. बारा बारा तासांच्या पाळ्या करून तो खोलींत केवळ पाठ टेंकण्यापुरता येतो, आणि जेवतो भिसींत. भिसी म्हणजे यंत्रमाग कामगारांची सामाईक खानावळ. मुंबईच्या गिरणगांवांत जी जागा खानावळवाल्या बायांची, तीच भिवंडींत भिसीची. भिसीवाला किराणा उचलतो तो उधारीवर. कामगार जेवतो तो उधारीवर. आणि कामगाराचा पगार झाला म्हणजे तो पैसा उलट वाटेनें भिसीवाल्याकडे आणि तेथून दुकानदाराकडे येतो. माग बंद पडला, सुताचा भाव चढला किंवा कापडाला उठाव राहिला नाहीं, तर ही सांखळी प्रथम दुकानाच्या गल्ल्याशीं तुटते. मागाची मंदी वर्तमानपत्रांत छापून येण्यापूर्वीं वाण्याला कळते, ती अशी.

असें दुकान चालतें कसें, हें पाहण्यासारखें आहे. तें घराचाच एक भाग असतें: पुढें फळ्या, मागें चूल, वर पोटमाळ्यावर पोतीं. पहांटे दूध आणि पाव घेण्यास येणाऱ्यासाठीं घरांतील एकानें उठावें, रात्रपाळीचा माणूस परततांना काडेपेटी मागेल म्हणून दुसऱ्यानें जागावें, आणि दुपारीं घरधनी माल आणावयास गेला असतां घरच्या बाईनें तराजू हातीं घ्यावा. या बाईचें नांव दुकानाच्या पाटीवर क्वचितच असतें. परंतु कोणत्या घरांत आज खरोखरच पीठ नाहीं, आणि कोण केवळ सबब सांगत आहे, हें बहुधा तिलाच कळतें. नोकर ठेवून हें दुकान परवडत नाहीं. घरच्या माणसांच्या न मोजलेल्या श्रमांवरच त्याचा नफा उभा असतो, आणि म्हणूनच पुढची पिढी शिकून दुसरीकडे गेली कीं दुकानाच्या फळ्या लागतात.

गिऱ्हाईक रोज मिळवितें म्हणून रोज घेतें: चहाची पुडी, मूठभर डाळ, बाटलीच्या तळाशीं तेल. सबंध पोतें घेणाराला जो भाव, तो पुडी घेणाराला मिळत नाहीं. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा थोडा, त्यालाच माल महाग पडतो. त्यांत उधारी असली म्हणजे घासाघीस करण्यासही तोंड राहत नाहीं. उधारीचें पोतें सव्वा हात रितें, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगीच केली नाहीं. वजनांत मारलेलें बोट, तिखटांत मिसळलेला भुसा, वहींत चढविलेला आंकडा, याही गोष्टी घडत आल्या आहेत. अन्नांतील भेसळीविरुद्ध १९५४ सालीं कायदा करावा लागला. ग्राहकांनीं एकत्र येऊन स्वतःच माल आणावा हा सहकाराचा मार्गही येथलाच: मुंबईंत नायगांवच्या कामगारवस्तींत १९४८ सालीं अपना बाजाराची सुरुवात झाली, आणि १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत निघाली. या संस्थांनीं दुकानदाराला एक धडा शिकविला, तो असा कीं गिऱ्हाइकाला भाव समजतो.

दुकानदारानें वस्तीला शिकविलेला धडाही आहे, आणि तो मापांचा. आज मुलांना कोळवें, चिपटें, मापटें हे शब्द सांगितले तर तीं हंसतील. परंतु दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हें कोष्टक एके काळीं घरोघर पाठ असे. पुढें १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९५८ पासून दशमान वजनें टप्प्याटप्प्यानें येऊन १९६२ मध्यें सर्वत्र सक्तीचीं झालीं. सरकारनें कायदा केला. परंतु तो अंमलांत आणला दुकानाच्या ओट्यावर. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारें ९३३ ग्रॅमचा. तेव्हां शेराच्या भावाला जो किलो द्यावयाचा, त्याचा भाव सात टक्क्यांनीं चढवावा लागे, आणि ही चढ न्याय्य आहे हें निरक्षर म्हातारीला पटवून द्यावें लागे. आण्याचे नवे पैसे हिशेबानें सवासहा. कोष्टकांत ते सहाच धरले. तीन आण्यांचे पावणेएकोणीस होत. ते एकोणीस धरले. म्हणजे आण्याचा माल एक एक करून तीनदां घेणारास अठरा पैसे पडत, आणि एकदम घेणारास एकोणीस. एका पैशाच्या या फरकावर त्या काळीं किती ओट्यांवर वाद झाले असतील, याची आपण कल्पनाच करावी! अखेर लोकांनीं नवें माप स्वीकारलें, तें दुकानदाराच्या शब्दावर विसंबून. आणि जिभेवर मात्र पावशेर अद्याप राहिला आहे.

मापाइतकाच महत्त्वाचा प्रसंग शिध्याचा. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ च्या मे महिन्यांत, मुंबई शहरांत धान्याचें नियंत्रित वांटप सुरू झालें, आणि शिधापत्रिका हा शब्द घराघरांत शिरला. त्या दिवसापासून वस्तींत दोन प्रकारचीं दुकानें झालीं. एका दुकानांत सरकार माणसाला कागदावरून ओळखतें. दुसऱ्यांत वाणी त्याला तोंडावरून ओळखतो. कागदाची ओळख समान असते, आणि तीच न्यायाची, यांत शंका नाहीं. परंतु ज्याच्याजवळ कागदच नाहीं त्याचें काय? परगांवच्या कामगाराची शिधापत्रिका गांवीं, बायकामुलांपाशीं. आणि भूक मात्र नारपोलींत. एका राज्याची शिधापत्रिका दुसऱ्या राज्यांत चालावी ही योजना २०१९ सालापासून अमलांत येऊं लागली. तत्पूर्वींचीं कित्येक दशकें ही उणीव भरून काढली ती मुख्यतः कोपऱ्यावरच्या वहीनें.

भिवंडीचा इतिहास सांगतांना मे १९७० आणि मे १९८४ येथील दंगली वगळून पुढें जाणें हें भ्याडपणाचें होईल. माणसें मेलीं, घरें जळालीं, दुकानें जळालीं. दुकान जळतें तेव्हां माल जातोच. पण त्याबरोबर वहीही जाते, आणि वही गेली म्हणजे कोणी कोणावर विश्वास ठेवला होता याचा पुरावाच जातो. पुढें १९८८ च्या सुमारास पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनीं येथें मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एकाच गल्लींतील निरनिराळ्या धर्मांच्या लोकांनीं नेमानें एकत्र बसावें, एकमेकांस नांवानें ओळखावें, अशी ती साधी योजना. आणि १९९२-९३ मध्यें शेजारची मुंबई पेटली असतां भिवंडी शांत राहिली. मी दुकानाला या शांततेचें श्रेय देत नाहीं. परंतु निरनिराळ्या देवांना भजणाऱ्या माणसांनीं रोज एकाच ओट्यावर उभें राहून, आपली पाळी येईपर्यंत एकमेकांचें ऐकून घ्यावें, ही संवय समितीनें एका दिवसांत लागत नाहीं. ती मीठमिरची आणतां आणतां लागते.

आतां शेवटचा पालट. मुंबईच्या हद्दींत माल नेतांना जकात पडे. ती पडूं नये, निदान माल विकला जाईपर्यंत तरी पडूं नये, म्हणून व्यापाऱ्यांनीं हद्दीबाहेर भिवंडी तालुक्यांत गोदामें बांधलीं. राहनाळ, पूर्णा, मानकोली या गांवांच्या शेतांत पत्र्याचीं प्रचंड छपरें उभीं राहिलीं. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली; गोदामें मात्र राहिलीं आणि वाढलीं. आज घरबसल्या मागविलेला माल देशभर पाठविणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे सांठे येथें आहेत. म्हणजे नारपोलीचें दुकान जगांतल्या अत्यंत नव्या व्यापाराच्या उंबरठ्यावरच बसलें आहे. गोदामांतील यंत्राला प्रत्येक पेटीची जागा ठाऊक असते. पेटी कोणाच्या घरीं आणि कोणत्या अडचणींत उघडली जाणार, हें त्याला ठाऊक नसतें.

हा भेद केवळ भावनेचा नाहीं, हें अलीकडच्या दोन प्रसंगीं दिसून आलें. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशें आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. ज्या वस्तींत मजुरी रोखीनें मिळते, तेथें हातांत पैसा असून नसल्यासारखा झाला. चूल पेटती ठेवावयाची तर उधारीवांचून दुसरा मार्ग नव्हता. पुढें २०२० च्या मार्चांत साथीमुळें देशभर टाळेबंदी आली. माग थांबले, भिसींच्या चुली विझल्या, मजूर नाशिकच्या रस्त्यानें पायीं निघाले, आणि मेच्या आरंभीं भिवंडी रोड स्थानकांतून गोरखपूरकडे श्रमिकांची खास गाडी सुटली. जाणाऱ्यांपैकीं पुष्कळांचीं खातीं दुकानांत उघडींच राहिलीं. जो परत येईल कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, त्याचें नांव खोडावें कीं ठेवावें? अशा वेळीं बहीखात्याच्या जुन्या रीतीप्रमाणें पान भरलें म्हणजे बाकी पुढच्या पानावर ओढतात. देहूची गोष्ट आणि सुप्याची गोष्ट यांच्यामधली ही तिसरी वाट आहे: वही पाण्यांत न सोडतां, आगींत न टाकूं देतां, माणूस परतेल या भरंवशावर पान उलटणें.

श्रोते हो, हें दुकान सदैव टिकेल असें मी म्हणत नाहीं. टिकलेंच पाहिजे असाही माझा हट्ट नाहीं. गिऱ्हाइकाला स्वच्छ आणि स्वस्त माल मिळण्याचा हक्क आहे, आणि वाण्याच्या मुलीला शिकून हवा तो उद्योग करण्याचाही आहे. माझें मागणें एवढेंच आहे. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. त्यापूर्वींही राजवाडे आणि त्यांच्यासारखे संशोधक गांवोगांव हिंडून सरदारांचीं आणि इनामदारांचीं दप्तरें गोळा करीत होते. जुने कागद पुड्या बांधण्यासाठीं वाण्याकडे जात, म्हणून ते हळहळत. आज उलट स्थिति आली आहे. वाण्याचीच वही रद्दींत चालली आहे, आणि तिच्यासाठीं हळहळणारा कोणी नाहीं.

तेव्हां आपल्यापैकीं कोणाच्या घरीं असें दुकान असेल, किंवा होतें असेल, त्यांनीं पोटमाळ्यावर एकदां चढून पाहावें. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, दर दिवाळीला पुजलेली एखादी वही अजून तेथें असेल. त्यांतील ऋणकोंचीं नांवें चारचौघांत वाचूं नयेत. तो त्यांचा विश्वास आहे. परंतु वही जपून ठेवावी, आणि घरांतील वृद्ध माणूस हयात आहे तोंवर तिच्यांतील खुणा त्याच्याकडून समजून घ्याव्या. शंभर वर्षांनीं एखादा अभ्यासक विचारील, कीं देशाला कापड पुरविणारीं हीं माणसें स्वतः काय खात होतीं आणि कोणाच्या भरंवशावर जगत होतीं? त्या प्रश्नाचें उत्तर या वहीवांचून दुसऱ्या कोणत्याही दप्तरांत मिळणार नाहीं.